एकोणिसावं प्रकरण

वाक्याच्या मधोमध माझा आवाज थांबला. तीस वर्षं आवाजावर पोट भरणाऱ्या बाईचा आवाज असा थांबत नाही. घसा कोरडा पडतो, एखाद्या जोडाक्षराला जीभ अडखळते, पण त्याची चाहूल आधी लागते. हात आपोआप वर जातो, काचेपलीकडची रेकॉर्डिस्ट मान हलवते आणि आपण वाक्य पहिल्यापासून घेतो. आज तसं काही झालं नाही. ‘त्या रात्री वारा पडला आणि पाणचक्कीचं चाक’ एवढं मी वाचलं होतं. डोळे नेहमीसारखे ओठांच्या तीन ओळी पुढे चालले होते, आणि तिथे छापलं होतं की धाकटीला सकाळ दिसली नाही. मी ती ओळ पुन्हा पाहिली. मग पानाचा आकडा पाहिला, जणू चूक आकड्यात असेल. हेडफोनमध्ये माझाच श्वास मला ऐकू येत होता आणि तो कुणा दुसऱ्या, जिना चढून आलेल्या बाईचा असावा असा वाटत होता. “मॅडम, पोट वाजलं का?” रेकॉर्डिस्टने विचारलं. “मला नाही ऐकू आलं.” ती कामाला कडक बाई आहे, माझ्या पोटातल्या गुरगुरीसाठी तिने आजवर निदान शंभर वाक्यं परत घ्यायला लावलीत. मी म्हटलं, “ही प्रत चुकीची आहे.” “चुकीची म्हणजे?” “ही मुलगी मरत नाही.” रेकॉर्डिस्टने स्वतःपुढची प्रत उघडली, ओळीवर बोट ठेवलं आणि जरा ओशाळून म्हणाली, “माझ्यातसुद्धा मरते, मॅडम.”

मग तिनेच प्रकाशकांच्या संपादकाला फोन लावला. संपादक म्हणाला, पहिल्या आवृत्तीवरून अक्षर न् अक्षर घेतलंय, तेच तर पुस्तकातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण, ते ऐकून घरंच्या घरं रडायची म्हणे. मी बरं म्हटलं. आज आवाज बसलाय असं सांगितलं, आणि आवाज ठणठणीत असल्याचं जिला सगळ्यात चांगलं माहीत होतं त्या रेकॉर्डिस्टनेही ते मान्य केलं आणि दिवा बंद केला. खरं तर दोष माझाच. कुठलंही पुस्तक मी आधी घरी वाचल्याशिवाय माइकपुढे उघडत नाही. बँकेच्या फोनवर ‘कृपया प्रतीक्षा करा’ एवढंच म्हणायचं होतं तेव्हासुद्धा मी ते आधी पाच वेळा मनात म्हटलं होतं. पण हे पुस्तक मला पाठ आहे अशी माझी खात्री होती. हे मी दहा वर्षांची असताना ऐकलंय, पहिल्या ओळीपासून शेवटच्या आमेनपर्यंत, बाबांच्या तोंडून. ते काम मला मिळालं त्या दिवशी मी घरी येऊन नाचायचीच बाकी होते, आणि बाबा मात्र म्हणाले होते, “ते? जुनं झालं गं ते. आता कोण ऐकतंय?” मला वाटलं होतं, म्हातारपणी माणसाला आपल्या काळाचा असा उगाच संकोच वाटतो.

त्या काळी अशी पुस्तकं घराने मिळून वाचायची असत. त्यांत एक गरीब पण नेटकं घर असायचं, कोणीतरी खोटं बोलायचं, कोणाचं तरी मन कडू झालेलं असायचं, आणि प्रत्येक प्रकरणात एका माणसाला दोन वाटांच्या तोंडाशी आणून उभं केलं जायचं. आम्ही मुलं त्या वाटांवरून बाबांच्या आवाजाचं बोट धरून जायचो. हे पुस्तक बाबांनी पाळकसाहेबांच्या कपाटातून मागून आणलं होतं. एका पाणचक्कीवाल्याचं घर होतं त्यात, बायको गेलेली, तीन मुलं, आणि पाटाच्या पाण्यावरून शेजाऱ्याशी धरलेलं वैर. धाकटी सात वर्षांची. आमची टिल्लीही सात वर्षांची, म्हणून ती धाकटी लगेच टिल्लीचीच झाली. खेळात तिच्या वाटणीचं दुसऱ्या कोणी बोललं की टिल्ली भांडायला उठायची. बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. तिथे दोघांनी समोरासमोर बसायचं, एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर पेन्सिल चालवायची. दिवसभर ते स्वल्पविरामासकट वाचायचे, आणि संध्याकाळी घरी वाचतानाही एखादा ‘स्वल्पविराम’ त्यांच्या तोंडून निसटायचा. आम्ही खदखदून हसायचो, आई पदराआड हसायची. एरवी ते काही हसण्यावारी नेणारे नव्हते. पाहुणे आले की ‘बाबा घरी नाहीत’ असं आमच्याकडे कोणीही कधीही म्हटलं नाही. आईने एकदा भेटायला आलेल्या बाईंना गंमत म्हणून टिल्लीचं वय एक वर्षाने कमी सांगितलं, तर बाबांनी रस्त्याच्या वळणापर्यंत गेलेल्या त्या बाईंना हाक मारून दुरुस्ती केली.

आणि मग टिल्ली आजारी पडली. छातीत पाणी झालं होतं. तिचा पलंग पुढच्या खोलीत आणला, बाबांची खुर्ची त्या पलंगाला चिकटली, मी पायथ्याशी ट्रंकेवर बसायचे. त्या खोलीचा वास मला आता, स्टुडिओचा जिना उतरतानाही आला: उकळलेल्या चादरींचा, निलगिरीच्या तेलाचा, आणि बाबांच्या बोटांना कायम असलेल्या शाईचा. एकोणिसावं प्रकरण त्या दिवसांतलं. मला ते सगळं आठवतं. धाकटीला ताप भरतो. पाणचक्कीवाला तिच्या उशाशी बसून राहतो, आणि कोणी काही न सांगता, वचन न मागता, एका सकाळी उठून शेजाऱ्याच्या दाराशी जातो. दारात उभा राहतो, पण तोंडातून शब्द फुटत नाही. तेव्हा तो शेजाऱ्याचं मोडकं कुंपण बघतो, खाली बसतो आणि ते बांधायला लागतो. शेजारी बाहेर येतो, बराच वेळ बघतो, मग आत जाऊन सुतळी घेऊन येतो. आणि धाकटी रोज थोडी बरी होते. एक दिवस उशीला टेकून बसते, दुसऱ्या दिवशी दूध मागते, तिसऱ्या दिवशी भावाशी भांडते. अकरा संध्याकाळी हे चाललं होतं. इतकं लांब प्रकरण दुसरं नव्हतं, आमच्यासाठी पुस्तक त्याच्याच आमेनवर संपलं, आणि आम्हाला ते संपूच नये असं वाटायचं.

मी रस्त्याच्या कडेकडेने चालत होते. दुकानांचे दिवे लागत होते, एका काचेच्या मागे कोणीतरी पुतळ्याला कोट चढवत होतं. मला कशाचा धक्का बसलाय ते मला नीट धरता येत नव्हतं. पुस्तकातली मुलगी मेली म्हणून छप्पन्न वर्षांच्या बाईने रस्त्यात थांबावं असं काही नव्हतं. पण ते कुंपण. जिन्यात मी पुढची पानं चाळली होती, ते कुंपण छापलेल्या पुस्तकात कुठेच नव्हतं, आणि मी तर त्या कुंपणावर जगले होते. आई गेल्यावर मी आणि टिल्ली दोन वर्षं बोलत नव्हतो. आईच्या आजारपणात कोणी किती केलं, असलं काहीतरी, जे बोलताना इतकं महत्त्वाचं वाटतं आणि नंतर सांगताना लाज वाटते. किती पत्रं लिहून फाडली. शेवटी एका रविवारी चर्चमधून घरी न जाता मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले, आणि तोंड उघडेना. तिच्या खिडक्यांना अर्धवट रंग दिलेला होता, तिच्या हातात ब्रश होता. मी खाली पडलेला खरवडायचा पत्रा उचलला आणि जुना रंग काढायला लागले. टिल्लीने बघितलं, आत गेली, आणि माझ्यासाठी जुना शर्ट घेऊन आली, कपडे खराब होऊ नयेत म्हणून. क्षमा हा शब्द आम्ही दोघींनी उच्चारला नाही. मी मनात म्हणत होते, हे मला त्या पुस्तकाने दिलंय. देवाविषयी मला जे काही खात्रीने वाटतं, म्हणजे तो आपल्याला शब्द सापडायची वाट बघत नाही, सुतळी घेऊन बाहेर येतो, ते सगळं त्या एका प्रकरणातून आलेलं. आणि ते प्रकरण नव्हतंच. एखाद्या घरात वर्षानुवर्षं राहावं आणि कोणीतरी येऊन सांगावं की नकाशात ही खोली नाही, तसं काहीतरी. पण मी तर त्या खोलीत झोपले होते, जेवले होते.

दुसरं मनात आलं ते जास्त बोचरं होतं. बाबा खोटं बोलले होते. एकदा नाही, अकरा संध्याकाळी, पुस्तक हातात धरून. आणि तिसरं लगेच त्याच्या पाठोपाठ: त्या पुस्तकानंतर बाबांनी आम्हाला कधीच काही वाचून दाखवलं नाही. पुस्तक परत गेलं, टिल्ली हिंडूफिरू लागली, मी म्हणायचे वाचा ना, तर ते म्हणायचे, आता तुम्ही मोठ्या झालात, आपापलं वाचा. टिल्ली सात वर्षांची होती. तेव्हा ते मला खटकलं नव्हतं, आणि आता खटकलं तेव्हा माझे पाय आपोआप भरभर चालायला लागले होते.

बाबा जेवणाच्या टेबलापाशी बसलेले होते. नवरा गेल्यापासून या घरात आम्ही दोघंच. त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब झालाय. मधलं काही दिसत नाही, कडेचं थोडं दिसतं, त्यामुळे ते माझ्याशी बोलताना माझ्या कानाशेजारी बघतात. टेबलाच्या कडेवरून त्यांचं बोट डावीकडून उजवीकडे जात होतं, ओळीखालून जावं तसं. “आलीस? लवकर आलीस,” ते म्हणाले. “आज कुठवर आलं?” गेले पंधरा दिवस ते रोज हे विचारत होते. मी हा प्रश्न लाडाने ऐकत होते.

“एकोणिसावं,” मी म्हटलं.

बोट थांबलं. “मग कळलं असेल,” बाबा म्हणाले.

मी समोरची खुर्ची ओढून बसले. पर्स अजून खांद्यालाच होती. विचारायचं बरंच ठरवलं होतं, पण तोंडातून आलं ते एवढंच, “तुम्ही बदललंत?”

“बदलायला आधी वाचावं लागतं,” ते म्हणाले. “मी वाचलंच नाही. वरच्या चार ओळी मनात वाचल्या आणि मान वर केली, तर टिल्ली माझ्याकडे बघत होती. त्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले होते, आता औषधाचं काम झालं, वाट बघायची. तुझ्या आईला आणि मला दारात उभं करून म्हणाले होते. आणि ही विचारत होती, मग? पुढे काय झालं?” त्यांनी टेबलाची कड चाचपली. “मी तोंड उघडलं आणि दुसरंच यायला लागलं. कुठून आलं देव जाणे. मी काही लेखक नव्हे. कुंपण कसं बांधतात तेही मला माहीत नाही.”

“आईला माहीत होतं?”

“विचारलं नाही तिने. चौथ्या की पाचव्या दिवशी दाराशी येऊन उभी राहिली, हात ओले तसेच. मला म्हणाली, आणखी थोडं वाचा. बस.”

मला आई दिसली, ओल्या हातांनी दारात. मीही तेव्हा त्याच खोलीत होते, ट्रंकेवर, आणि माझ्या आठवणीत ते दार कायम रिकामं होतं. किती गोष्टी आपल्या समोर झालेल्या असतात. मी म्हटलं, “बाबा, त्यात एवढं काय होतं? आजारी पोरीला गोष्ट बदलून सांगितलीत. कोणीही सांगेल. त्यासाठी वाचायचं का सोडलंत?”

“छापखान्यात मूळ प्रत वाचणाऱ्याने पदरचा एक शब्द घातला, तर त्याने त्या खुर्चीवरून उठायचं असतं,” ते म्हणाले. “समोरचा डोळे मिटून आपल्यावर विश्वास ठेवतो. मी अकरा दिवस पदरचं घातलं. तुम्ही दोघी काय ऐकत होतात? बाबा वाचतायत म्हणजे ते तसंच आहे. मग उठलो. तेवढं तरी करायला हवं होतं.” आणि मग, हसू येतंय की काय असा त्यांचा चेहरा झाला. “खरी अडचण ती नाही. क्षमा मागून मोकळं होता आलं असतं. मागायला बसतो ना मी. शेहेचाळीस वर्षं बसतोय. डोळे मिटतो, म्हणतो, प्रभू, मी पोरींसमोर खोटं वाचलं. त्याच्या पुढचं वाक्य असतं, मला त्याचं वाईट वाटतं. ते येतच नाही गं. तिथवर आलो की आनंदच होतो. ती जिवंत आहे. तिला दोन मुलं आहेत, ती फोनवर मला औषधांवरून ओरडते. मी कसं म्हणू, वाईट वाटतं? तेही खोटंच होईल. एकाची क्षमा मागताना दुसरं. मग तसाच उठतो.”

बाहेर जिन्यात कोणीतरी खाली उतरत होतं, पायरीगणिक किल्ल्या वाजत होत्या. मला बाबांचं ते रोजचं सकाळचं बसणं आठवलं, खिडकीपाशी, मान थोडी वाकलेली, आणि उठताना चेहऱ्यावर एक ओशाळलेला उजेड. मी तो भक्तीचा समजत आले होते. तो भक्तीचाच होता बहुतेक. मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, की तुम्ही ज्याची क्षमा मागताय त्याच्यावर मी उभी आहे, की देवाने तुमचं अर्धं वाक्यच केव्हाच ऐकून घेतलं असेल. पण आवाजावर पोट भरणारी असून मला ते म्हणता येईना. मी फोन काढला आणि टिल्लीला लावला, आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. आधी नळाचं पाणी ऐकू आलं, मग टिल्ली. “बोल ताई. हात ओले आहेत, लवकर बोल.”

“टिल्ली, पाणचक्कीवाल्याचं पुस्तक आठवतं तुला? तू आजारी होतीस तेव्हाचं?”

“न आठवायला काय झालं?”

“त्यातली धाकटी मरते. छापलेल्यात. आज कळलं मला.”

“हो?” टिल्ली म्हणाली. नळ बंद झाला. “वाटलंच होतं मला.”

बाबांनी मान एका बाजूला कलती केली, डोळ्यांच्या कडेने फोनकडे बघायला. “वाटलंच होतं म्हणजे?” मी विचारलं.

“अगं, बाबा पानच उलटत नव्हते. पुस्तक माझ्या नाकासमोर. रोज तेच पान. खालच्या कोपऱ्यात शाईचा डाग होता, मी त्याला बदक म्हणायचे. अकरा दिवस तेच बदक. मला वाचता येत नव्हतं नीट, पण बदक ओळखता येत होतं की.”

“टिल्ली,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मीच फोन त्यांच्याजवळ सरकवला. “मग बोलली का नाहीस?”

“बाबा, तुम्ही पण आहात होय?” टिल्ली म्हणाली. मग हळू, “बोलले असते तर तुम्ही उलटलं असतं.”

बाबांनी दोन्ही तळवे टेबलावर उपडे ठेवले. मी त्यांच्याकडे न बघता बघत होते. सात वर्षांची पोर, छातीत पाणी, श्वासाला कष्ट, आणि ती बापाची चोरी सांभाळत पडून आहे. आणि बाप तिला सांभाळत बसलाय. आणि ट्रंकेवर बसलेली मी तेवढी सगळं खरं मानून ऐकतेय. मला वाटलं, आमच्या घरात त्या अकरा दिवसांत जी प्रार्थना झाली ती याहून वेगळी कुठली होती?

“डाग होता पानावर?” शेवटी बाबा म्हणाले. “मला दिसलाच नाही. आणि मी मुद्रितं तपासायचो.” टिल्ली हसली, आणि बाबाही हसले, आधी नुसते खांदे, मग आवाज, आणि हसताहसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. पुसत राहिले. मी उठून त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हाडंच लागतात आता हाताला.

“टिल्ली, खोटं होतं ते,” ते म्हणाले.

“हो बाबा,” टिल्ली म्हणाली. “माहितेय मला. मी तेच रोज देवाला सांगायचे, की बाबांना रागावू नकोस, त्यांना पुढचं येत नाहीये.”

बाबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, “पुस्तक आहे जवळ?”

“आहे.”

“उद्या स्टुडिओत छापलंय तेच वाचायचं. एक काना-मात्रा हलता कामा नये. लिहिणाऱ्याने काहीतरी सोसूनच लिहिलं असेल ते. कोणाच्या घरी ते तसंच ऐकायची गरज असेल.”

“आणि एखाद्या घरी आजारी मूल असलं तर?”

“तर तिथे कोणीतरी बाप असेलच,” बाबा म्हणाले. “ते त्याचं तो बघेल.” मग त्यांनी खुर्ची टेबलाकडे ओढून घेतली, नीट बसले, कामाला बसावं तसे. “आज मला वाचून दाखव. मी चारच ओळी वाचल्यात. पुढे काय झालं ते मला माहीतच नाही.”

“थांबा, मीही ऐकते,” टिल्ली म्हणाली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “हं.”

मी पर्समधून पुस्तक काढलं. नवी प्रत, गुळगुळीत कागद, कुठे डाग नाही. स्टुडिओत मी जसा श्वास घेते तसा घेतला आणि एकोणिसावं प्रकरण सुरू केलं. त्या रात्री वारा पडला आणि पाणचक्कीचं चाक आपोआप थांबलं. आवाज स्थिर होता. बाबांचं बोट टेबलाच्या कडेवरून माझ्याबरोबर चालत होतं. दुसरी ओळ झाली, तिसरी झाली. चौथ्या ओळीला, धाकटीला सकाळ दिसली नाही असं मी वाचलं तेव्हा त्यांनी हात वर केला, आणि मी थांबले.

“टिल्ली?” बाबांनी फोनकडे तोंड करून विचारलं.

“आहे मी, बाबा.”

त्यांनी हात खाली घेतला. “हं,” ते मला म्हणाले. “आता वाच पुढे.”